रामानुजन यांनी मागितली होती फुरसत

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीनं सुरू होणारा एक संदेश गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. न्यूटनला गुरुत्वाकर्षण सुचलं ते प्लेगच्या साथीत, बीथोव्हेननं अजरामर संगीत रचलं ते बहिरेपणात, व्हॅन गॉगची चित्रं आली ती वेदनेतून आणि रामानुजन यांचं गणित दारिद्र्यातून. मग निष्कर्ष येतो: संकट हीच प्रतिभेची आई, तेव्हा मुलांना सुखात वाढवू नका आणि हाताखालच्या माणसांना निवांत बसू देऊ नका.

नावं खरी आहेत, संकटंही खरी आहेत. पण संकट आधी आलं आणि काम नंतर झालं, एवढ्यावरून एकानं दुसऱ्याला जन्म दिला असं ठरत नाही. इथे तर बऱ्याचदा ‘आधी’ आणि ‘नंतर’चाही घोळ आहे.

न्यूटनचंच बघा. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झालं आणि बावीस वर्षांचा न्यूटन वूल्सथॉर्पला आपल्या घरी गेला. मात्र ज्या गणितात तो तिथे गढला, त्याची सुरुवात १६६४ मध्ये केंब्रिजलाच झाली होती. त्याच्या वह्या तसं सांगतात. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत पूर्ण रूपात त्याच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात आला तो १६८७ साली, तोही खगोलशास्त्रज्ञ हॅलीनं १६८४ मध्ये गाठून ग्रहांच्या कक्षांचा प्रश्न विचारल्यानंतर. साथीनं न्यूटनला दिला तो मोकळा वेळ, आणि खाण्यापिण्याची ददात नसलेल्या घरात. विद्यापीठ काही एकट्या न्यूटनसाठी बंद झालं नव्हतं, बाकीचे विद्यार्थीही घरीच बसले होते. त्याच साथीत लंडनमध्ये सुमारे एक लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्यांच्यात कोण कोण होतं, हा प्रश्न संदेश पुढे पाठवणाऱ्याला पडत नाही.

बीथोव्हेनला ऐकू कमी येऊ लागलं ते १७९८ च्या आसपास. तोवर व्हिएन्नात पियानोवादक आणि रचनाकार म्हणून त्याचं नाव झालेलं होतं. १८०२ मध्ये त्यानं भावांना उद्देशून एक पत्र लिहिलं, पाठवलं मात्र कधीच नाही. जीव द्यावासा वाटत होता, कलेनं तेवढं धरून ठेवलं, असं त्यात आहे. म्हणजे दुःखानं कला दिली नाही, कलेनं दुःखातून तारलं. शिवाय त्यानं व्हिएन्ना सोडू नये म्हणून १८०९ मध्ये तीन सरदारांनी मिळून त्याला वर्षाला ४,००० फ्लोरिन द्यायचं कबूल केलं होतं. संदेशात ही ओळ कधी वाचलीत?

व्हॅन गॉगबद्दल थोडक्यात. फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात झटका आला की त्याला चित्र काढणं जवळजवळ अशक्य होई. एकदा तर तो रंगच खाऊ लागला, म्हणून रंग काढून घ्यावे लागले. बहुतेक चित्रं झाली ती दोन झटक्यांच्या मधल्या शांत दिवसांत, आणि रंग, कॅनव्हास, पोटापाण्याचा खर्च वर्षानुवर्षं थिओ या धाकट्या भावानं पुरवला.

रामानुजन यांचं उदाहरण सगळ्यात दुखरं. गणितापुढे बाकीच्या विषयांत नापास झाले आणि कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. कागद परवडत नाही म्हणून पाटीवर आकडेमोड करायची, कोपरानं पुसायची आणि शेवटचा निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा. त्या वह्यांमध्ये सिद्धता जवळजवळ नाहीत, त्याचं एक कारण हेच मानलं जातं. पुढे त्या सिद्धता शोधण्यात गणितज्ञांची कित्येक दशकं गेली. गरिबीनं त्यांना गणित दिलं नाही, गणित मांडायची जागा तेवढी आखडून टाकली. १९१० मध्ये ते मदतीसाठी रामचंद्र राव या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. काय हवं, असं विचारल्यावर रामानुजन यांनी जे मागितलं ते राव यांनी पुढे लिहून ठेवलं आहे: पोटापुरतं अन्न विनासायास मिळावं आणि स्वप्नं बघायला मोकळीक असावी. थोडक्यात, फुरसत. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली, १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाची महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती. अट एकच, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा गणित हाच पूर्णवेळ उद्योग झाला. १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. संकटानं प्रतिभा घडते म्हणणाऱ्यांनी हा आकडाही हिशेबात धरावा.

एकेका माणसाच्या गोष्टी सोडून मोठा पट बघायचा तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आहे. बारा लाख पेटंटधारकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की वरच्या एक टक्का उत्पन्नगटातल्या घरांतली मुलं संशोधक होण्याचं प्रमाण खालच्या अर्ध्या गटातल्या मुलांच्या दहापट आहे. शाळेत गणितात सारखेच हुशार असलेल्यांतही ही दरी उरतेच. हलाखीतून शोध लागत असते तर आकडे उलटे हवे होते.

‘निवांत बसू देऊ नका’चंही तेच. सर्जनशीलतेचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांमधल्या १७७ जणांच्या रोजनिश्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नोंदी तपासल्या. घाईच्या दिवशी लोकांना आपलं डोकं जोरात चालल्यासारखं वाटत होतं, प्रत्यक्षात नव्या कल्पना कमी निघत होत्या. (डेडलाइनशिवाय मी हलत नाही, हे कबूल. पण हलणं वेगळं आणि सुचणं वेगळं.)

आता दुसरी बाजू, कारण संदेशात अर्धं सत्य आहे. बंधनानं डोकं चालतं. चौदा ओळींच्या सुनीतात कवीला जी वाट सापडते, ती कोऱ्या पानावर सापडेलच असं नाही. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकानं १९६९ मध्ये फ्रेंचमधलं सर्वाधिक वापरातलं अक्षर ‘ई’ पूर्ण टाळून अख्खी कादंबरी लिहिली. पण ते बंधन त्यानं स्वतः निवडलं होतं, आणि उद्याच्या जेवणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. १९७० मध्ये चंद्राकडे निघालेलं अपोलो १३ हे यान वाटेत संकटात सापडलं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चौकोनी गाळण्या गोल तोंडाच्या यंत्रणेला जोडायची वेळ आली, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांतून जुगाड निघाला तो त्या यानाचा नट नि बोल्ट पाठ असलेल्या माणसांच्या डोक्यातून. म्हणीतला दगडसुद्धा टाकीचे घाव सोसतो ते जाणत्या हातांचे. घणाचे घाव घातले तर त्याच दगडाची खडी होते.

या बाजूचं हुकमी उदाहरण म्हणजे अमेरिकी जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट. १९७५ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या मैफलीत चुकीचा, खराब अवस्थेतला पियानो वाट्याला आला. वरचे स्वर पत्र्यासारखे वाजत होते, म्हणून तो बराचसा मधल्या पट्ट्यांत खेळला, आणि ते ध्वनिमुद्रण एकट्या पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत जाऊन बसलं. वाजवणारा मात्र तिसऱ्या वर्षापासून पियानोवर होता. आणि पुढच्या सगळ्या कारकिर्दीत पियानोच्या बाबतीत हा माणूस अतिशय काटेकोर म्हणूनच ओळखला गेला.