उलट्या चाकावरच्या प्रतिक्रियेला (जरा लांबलेलं) उत्तर

नमस्कार. सिनेमात टांग्याचं चाक उलटं का फिरतं या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मोजून चार वाक्यं. प्रोजेक्टर सेकंदाला 24 नाही 48 वेळा उजेड पाडतो, भर उन्हात रस्त्यावरच्या गाडीचं चाकही उलटं दिसतं त्याचं काय, लेख बाळबोध आहे, आणि 'कधी प्रोजेक्टर जवळून बघितलाय का, की सगळं गूगलवरून कॉपीपेस्ट?'

पहिलं मान्य. प्रोजेक्टरच्या शटरला, म्हणजे भिंगासमोर फिरून उजेड अडवणाऱ्या पंख्याला, दोन पाती असतात, एकच फ्रेम दोनदा झळकते, नाहीतर पडदा लुकलुकतो. घाईत 24 लिहिलं, दुरुस्त केलंय. पण त्याने फरक काय पडला? कॅमेऱ्याने चित्रं सेकंदाला 24च काढलीयत ना, तेच चित्र दोनदा दाखवलं म्हणून चाक काही पुढे सरकत नाही. बारा आऱ्यांचं चाक सेकंदाला बरोबर दोन फेरे मारत असेल तर दर फ्रेमला प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी जाऊन बसतो, चाक थांबलेलं दिसतं, घोडा जरा मंदावला की आरा त्या जागेच्या किंचित अलीकडे पडतो, झालं, चाक उलटं. हेच लेखात होतं.

आता ते चौथं वाक्य. साहेब, मुद्दा मांडायला हरकत नाही, पण ही कुठली भाषा?

माझे वडील टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्रेत तंबू लागायचा, मशीन ट्रकमध्येच, आणि मी शाळेला दांडी मारून त्या ट्रकमध्ये. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत पेटायचा, तो काळ्या काचेतूनच बघायचा, कांड्या जळत जातील तशा जवळ आणायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि तंबूतनं शिट्ट्या. फिल्म ज्या खिडकीत उजेडासमोर येते ते मशीनचं गेट, त्याच्या वर फिल्मची सैल कमान ठेवतात, लूप म्हणतात त्याला, कारण वरचं चाक फिल्म सलग सोडतं आणि गेटमध्ये मात्र ती दर फ्रेमला थांबते, मग झटक्याने खाली ओढली जाते. लूप नसेल तर त्या झटक्यात फिल्मच्या कडेची भोकं फाटलीच. एकदा वडिलांनी माझा हात धरून मशीनच्या अंगावर टेकवला, म्हणाले बघ, थांबतंय की नाही. हाताला टरटर लागली. तेव्हा ना गूगल होतं ना तुम्ही.

शटर जरा पुढेमागे लागलं की फिल्म सरकतानाच उजेड पडतो आणि पाट्यांवरच्या पांढऱ्या अक्षरांना शेपट्या फुटतात, हे तुम्हाला माहीत होतं का? असेल बुवा. बीएस्सीला फिजिक्स होतं माझं, तिथेही हे कुणी शिकवलं नव्हतं.

उन्हातल्या चाकाचं म्हणाल तर त्यावर जाणकारांतच वाद आहे, कधीतरी सवडीने लिहीन. घरातला पंखा चोकवाल्या ट्यूबलाइटखाली उलटा दिसतो तो मात्र दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो म्हणून, ते लेखात आहे, वाचलं असतं तर दिसलं असतं. बाळबोध म्हणालात, तर हो, मुद्दामच तसं लिहितो.

आणि कॉपीपेस्ट म्हणायचंच असेल तर कुठून उचललंय त्याची लिंक द्या. खाली तसं विचारलंय, दोन दिवस झाले, अजून वाट बघतोय.