शाळा जर्मनीत सक्तीची, दुपार मुंबईत सक्तीची

माझ्या मामेबहिणीला तिची मुलगी चौथीनंतर शाळेतून काढून घरीच शिकवायची आहे. मुलीला चित्रकलेचं वेड. शाळेत चित्रकलेचे आठवड्याला दोन तास, त्यातला एक बहुतेक वेळा गणिताच्या बाई मागून घेतात, ही तिची तक्रार. बोरिवलीहून हा विषय घरच्या ग्रुपवर येऊन पडला आणि लगेच दोन पक्ष झाले. एका पक्षाच्या मते शाळा म्हणजे निव्वळ कोंडवाडा. दुसऱ्याचा सवाल, घरी बसवलेलं पोर चारचौघांत मिसळणार कसं आणि दहावीचं काय? मग कुणीतरी म्हणालं, ताईलाच विचारा की. कारण अख्ख्या गोतावळ्यात शाळेबाहेर वाढलेली मी एकटी. पाचवीपासून पुढे मी कुठल्याच वर्गात बसले नाही. आणि आता राहते श्टुटगार्टला, म्हणजे मुलाला घरी शिकवायला कायद्याने परवानगीच नसलेल्या देशात. ग्रुपवर मावेल एवढं माझं उत्तर नाही, म्हणून जरा सविस्तर.

जर्मनीतली शाळेची सक्ती गमतीची नाही. १९१९च्या वायमार राज्यघटनेत ती सगळ्यांसाठी आली आणि आज प्रत्येक राज्याच्या शाळा-कायद्यात आहे. सक्ती शिक्षणाची नव्हे, शाळेत हजर राहण्याची. धर्माच्या कारणाने मुलांना घरी शिकवू पाहणारं एक कुटुंब थेट स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. २००६ साली न्यायालयाने जर्मनीची बाजू घेतली. हेसेन राज्यातल्या दुसऱ्या एका कुटुंबाची मुलं २०१३ साली काही आठवडे सरकारने ताब्यात घेतली होती. त्या प्रकरणातही २०१९ साली निकाल सरकारच्याच बाजूने लागला. सुट्टी लागायच्या एक-दोन दिवस आधी स्वस्त तिकिटं काढून निघालेल्या पालकांना बव्हेरियात मेमिंगनच्या विमानतळावर पोलिसांनी गाठलं, ही २०१८ची बातमी तर आमच्या ऑफिसात आठवडाभर चघळली जात होती. मला हसू आलं होतं. बाकीचे हसले नाहीत. नियम मोडला तर पोलीस विचारणारच, यात विशेष काय, असा त्यांचा चेहरा.

मुंबईत असलं काही नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण न घातलं तर पालकांना शिक्षा नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पुढे परीक्षेला बसायला राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि माझ्यासारख्यांचा जुना आधार, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. मी दहावीला सतरा नंबरनेच बसले. केंद्रावर आजूबाजूला बहुतेक नोकरी करणारे, नापास होऊन शाळा सुटलेले, एक तर लग्न झालेली बाई. मी नापास झालेली नाही, यावर पर्यवेक्षकांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

म्हणजे कागदावर मुंबई मोकळी, जर्मनी बंद. मी मुंबईची वकिली करायला हवी. पण माझ्या बालपणातलं जे काही मला आज उपयोगी पडतं, ते घरी फारसं मिळालंच नव्हतं.

आमचं घर पार्ल्याला, पूर्वेला. सकाळी आई गणित-विज्ञान घ्यायची, अकरा वाजता संपलं. त्यानंतर मी मोकळी. जेवून लोकमान्य सेवा संघाच्या ग्रंथालयात जायचं, तिथून निघालं की एका बोर्ड-पेंटरच्या दुकानात. पेंटरकाकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत पत्र्याच्या पाट्या उभ्या लावलेल्या आणि टर्पेंटाइनचा वास. ते सुताला खडूची पूड लावत, एक टोक मला धरायला सांगत आणि मधोमध चिमटीत ओढून सोडत. टण्ण. पाटीवर पांढरी रेघ. त्या रेघेला अक्षरं टांगायची. 'महालक्ष्मी प्रोव्हिजन स्टोअर्स' हे सहा फुटांत बसवायचं असेल तर 'क्ष्मी'ला किती जागा, 'र्स'चा रफार कुठे येणार, मधली मोकळी जागा कुठून चोरायची हा हिशेब ते तोंडी करत. अपूर्णांक मी तिथे शिकले. आईला आजही वाटतं की ते तिने शिकवले.

कितीतरी दिवस त्यांनी मला नुसता काना काढायला लावला. डाव्या हातातली काठी पाटीला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं, ब्रश वरून खाली एका दमात. मध्ये थांबलं की ऑइलपेंटची गाठ दिसते. मग ळ. दोन्ही पोटं सारखी आणि हात न उचलता. माझा ळ आजही पेंटरकाकांच्या वळणाचा आहे. इथल्या ऑफिसात मी इमारतींच्या आतल्या दिशादर्शक पाट्यांची कामं करते, लिपी रोमन, काम संगणकावर; तरी दोन अक्षरांमधली जागा बघताना डोळा तोच.

हे मी एवढं सांगतेय ते 'घरी शिकल्याने मी घडले' असं म्हणायला नाही. उलट. मला घडवलं ते दुपारने, आणि दुपारी एखाद्या पोरीला दुकानात बसू देणाऱ्या शहराने. शाळा नव्हती म्हणून दुपार हाताशी होती, एवढाच शाळेचा संबंध. ते दुकान फ्लेक्सच्या लाटेत बंद पडलं. मुंबईतल्या बहुतेक बोर्ड-पेंटरांचं २०००नंतरच्या काही वर्षांत तेच झालं. आज मामेबहिणीने मुलीला घरी ठेवलं तर ती दुपारी जाणार कुठे? बोरिवलीत राष्ट्रीय उद्यान आहे, प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. पण दहा वर्षांच्या मुलीला एकटीला तिथवर सोडायला आज कुणी तयार नाही. म्हणजे ती जाणार क्लासला. पैसे भरून, रिक्षा लावून.

आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची दुपारही तिथेच जाते. दीड वाजता शाळा सुटली की अबॅकस, मग फोनिक्स, शनिवारी ऑलिम्पियाड, उन्हाळ्यात 'क्रिएटिव्ह वर्कशॉप'. पहाटे उठणाऱ्या मुलांच्या झोपेचा मुद्दा राज्यपालांनी काढला, तेव्हा २०२४च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असा आदेश निघाला. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी विचारलं, दुसरी पाळी मग कुठे भरवू? मुंबईत जागेपुढे कुठलाही आदेश थकतो. तेव्हाही चर्चा झाली ती सकाळची. दुपारबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

छंदाला गुण जोडण्याचा प्रकार मला सगळ्यात खटकतो. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात. इंटरमिजिएट ड्रॉइंग या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असेल तर ७. शास्त्रीय गायन-वादनालाही सवलत आहे. हेतू चांगला असेल. पण परिणाम असा की आठवी-नववीतली पोरं स्मरणचित्रातला बाजार आणि रेल्वे स्टेशन पाठ करतात. पाठ! छत्रीवाला माणूस कुठे, केळीवाली कुठे, हे क्लासमध्ये ठरवून दिलेलं असतं. माझ्या वेळी गुण नव्हते, तरी तिच्या आधीच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायला मला धडपड करावी लागली, कारण फॉर्म शाळेमार्फत जायचा आणि मला शाळा नव्हती. शेवटी एका ओळखीच्या चित्रकला शिक्षकांनी त्यांच्या शाळेच्या यादीत मला घुसवलं. अक्षरलेखनाचा पेपर मी आरामात काढला.

आता माझ्या मुलाची दुपार. तो तिसरीत आहे. शाळा दुपारी एकच्या सुमाराला सुटते. सोमवारी तो सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कलाशाळेत मातीकाम करतो, गुरुवारी म्युझिकशूलेत चेलो. देशात अशा सार्वजनिक संगीतशाळा ९००हून जास्त आहेत. फी लागते, पण उत्पन्न कमी असेल तर सवलत, आणि वाद्य भाड्याने मिळतं. परीक्षा नाही. ग्रेड नाही. वर्षाअखेरीस एक छोटा कार्यक्रम, त्यात सगळी पोरं बेसूर वाजवतात आणि आईबाप डोळे पुसतात. चेलोने त्याला कुठे प्रवेश मिळणार आहे असं मला आजवर कुणीही विचारलेलं नाही, अपवाद पुण्याच्या आत्याचा. बाकीच्या दिवशी तो काय करतो? काही नाही. मित्रांबरोबर ओढ्याकाठी काठ्या गोळा करतो.

म्हणजे ज्या सरकारने माझ्या आईवडिलांना घरी शिकवू दिलं नसतं, तेच सरकार माझ्या मुलाला माझी जुनी दुपार देतंय. पचायला जरा जड आहे, पण आहे ते असं.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. चौथीनंतर मुलांची वाटणी होते, कोण गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार आणि कोण नाही. दहा वर्षांच्या पोराबद्दल शिक्षक शिफारस करतात आणि पुढच्या अनेक वाटा त्यावर ठरतात. आमच्यासारख्या, घरात जर्मन न बोलणाऱ्या कुटुंबांना तो कागद उघडताना घाम फुटतो. माझ्यासारखी उशिरा उमलणारी, शुद्धलेखनात कच्ची पोरगी इथे बहुधा खालच्या वाटेला लागली असती. शिवाय मोकळी दुपार इथेही आयांच्याच जिवावर चालत आली. एकला शाळा सुटली की घरी कोण असणार, तर आई. म्हणूनच ऑगस्ट २०२६पासून पहिलीच्या मुलांना आणि पुढे टप्प्याटप्प्याने चौथीपर्यंत सगळ्यांना पूर्ण दिवस सांभाळलं जाण्याचा कायदेशीर हक्क लागू होतोय. आयांना नोकरी करता यावी हा हेतू मला शंभर टक्के मान्य. पण मग चेलोचं काय, ओढ्याकाठचं काय, हा वाद इथेही सुरू झालाय.

आई म्हटल्यावर आमच्या ग्रुपवर कुणी न बोललेली गोष्ट सांगते. माझ्या शाळेबाहेरच्या बालपणासाठी आईने बँकेतली नोकरी सोडली. पुन्हा मिळाली नाही. बाबांचं प्रमोशन झालं, तिचं पेन्शन गेलं. या वादात हमखास फॉरवर्ड होते ती मालविका जोशीची गोष्ट: सातवीनंतर दादरच्या शाळेतून बाहेर पडलेली मुंबईची मुलगी, प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडची तीन पदकं आणि २०१६ साली एमआयटीत प्रवेश. कौतुकाचीच गोष्ट. पण त्यातली दोन वाक्यं फॉरवर्ड करणारे वाचत नाहीत. तिला शिकवायला तिच्या आईने नोकरी सोडली होती, आणि बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. माझ्या मामेबहिणीला मी पहिला प्रश्न हाच विचारलाय: नोकरी तू सोडणार की भाऊजी? ग्रुपवर त्यानंतर दोन दिवस शांतता आहे.

दुसरं, 'शाळेची सक्तीच नको' ही घोषणा. पार्ल्याच्या किंवा बोरिवलीच्या फ्लॅटमधून ती छान वाटते. पण याच शहरात धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलेल्या मुली आहेत, टपरीवर काम करणारी मुलं आहेत. त्यांना शाळेत ओढून आणायला कायद्याचा तेवढाच काय तो धागा आहे. तो सैल करायचा कुणासाठी? आमच्यासारख्या मूठभरांसाठी? घरी शिकवणाऱ्यांना वाट असावी, नोंदणी करून, वर्षातून एकदा कुणी येऊन मूल बघून जाईल अशी. इंग्लंडमध्ये घरी शिकवण्याला पूर्वापार मुभा आहे, पण तिथेही शाळेबाहेरच्या मुलांची नोंदवही ठेवण्याचं विधेयक डिसेंबर २०२४मध्ये मांडलं गेलं. मला ते रास्त वाटतं. माझ्या आईला तेव्हा असं कुणी बघायला आलं असतं तर ती आधी चिडली असती, मग चहा टाकला असता.

मुंबईत वाद घालायचाच तर दुपारवर घाला. महापालिकेच्या शाळांच्या इमारती प्रत्येक वॉर्डात आहेत. महापालिकेकडे चित्रकलेचे आणि संगीताचे शिक्षक आहेत, हे कित्येक पालकांना ठाऊकही नसतं. पालिका मुलांची चित्रकला स्पर्धा दरवर्षी बागांमध्ये भरवते, हजारो पोरं येतात, फोटो छापून येतात. ते एका दिवसाचं. तेच वर्ग शाळा सुटल्यावर चार वाजता उघडा. माती, रंग, तबला-पेटी ठेवा, नाममात्र फी घ्या आणि परीक्षा घेऊ नका. पालिकेच्या शाळेतलं पोर असो, खासगी शाळेतलं असो की घरी शिकणारं, दारात विचारू नका. पैसे कुठून आणायचे, असं मामा म्हणेलच. पालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. वॉर्डामागे एक वर्ग, दोन शिक्षक आणि मातीची पोती यांचा खर्च त्यातून निघणार नाही, हे आधी कुणीतरी मला आकड्यांत मांडून दाखवावं.