एल्डोराडो विकणे आहे

अमेरिकेत जुनी गाडी विकायला काढली की पहिल्या अर्ध्या तासात डझनभर लोक विचारतात, ‘अजून आहे का?’ ‘आहे’ म्हणून कळवलं की सगळे अंतर्धान पावतात. त्यांना गाडी घ्यायची नसतेच. ती आहे एवढं कळलं की त्यांना झोप लागत असावी.

आमची गाडी म्हणजे १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, म्हणजे छत दुमडता येणारी. बाहेरून पांढरी, आत लालभडक गाद्या. लांबी जवळजवळ १९ फूट, इंजिन ८.२ लिटरचं, आणि एवढ्या जामानिम्यातून निघते ती जेमतेम १९० अश्वशक्ती. नवऱ्याची उभी हयात डेट्रॉइटमध्ये लोकांच्या गाड्यांचं पेट्रोल वाचवण्यात गेली. निवृत्तीच्या तोंडावर त्याने ही आणली. आता गुडघ्यांमुळे त्याला खाली बसून चाकं पुसवत नाहीत, म्हणून विकायची ठरली. विकायची कोणी? मी. त्याच्याच्याने ते होईना.

जाहिरातीत मी लिहिलं, ‘उत्तम जपलेली, गंज नाही.’ मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे इथे ‘गंज नाही’ला स्थळाच्या जाहिरातीतल्या ‘निर्व्यसनी’इतकं वजन आहे, आणि तितकाच संशयही.

पण खरी गोम ‘जपलेली’मध्ये आहे. गाडी उलटली तर आतली माणसं वाचावीत म्हणून सरकार कडक नियम आणणार, अशी सत्तरच्या दशकात धास्ती होती. खपही घसरला होता. एकेका कंपनीने कन्व्हर्टिबल बंद केली, आणि ‘ही अमेरिकेतली शेवटची’ असा गाजावाजा होऊन १९७६मध्ये अशा १४,००० एल्डोराडो कन्व्हर्टिबल खपल्या. कित्येकांनी त्या चालवायला घेतल्याच नाहीत. चादर घालून ठेवल्या, नातवंडांच्या शिक्षणाची सोय म्हणून. मग १९८२मध्ये क्रायस्लरने कन्व्हर्टिबल परत आणली आणि पाठोपाठ खुद्द कॅडिलॅकनेही. काही मालक चिडून कोर्टात गेले. बाकीचे चादरी झटकून वाट बघत राहिले. आता तुम्हीच सांगा, ज्याने त्याने जपून ठेवलेल्या वस्तूला ‘जपलेली’ म्हणून जास्त पैसे कोण देणार?

पहिले गृहस्थ लोहचुंबक घेऊन आले. रुमालात गुंडाळून त्यांनी तो गाडीच्या अंगभर फिरवला. गंजलेल्या जागी पुट्टी भरलेली असली तर चुंबक चिकटत नाही म्हणे. सगळीकडे चिकटला. त्यांचा चेहरा पडला. मग बॉनेट उघडून त्यांनी कोपऱ्यात विजेरी मारली आणि आनंदाने ओरडले, “गंज!”

ते कुंकू होतं. दर दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो. त्यांनी बोटाने खरवडलं, वास घेतला. धार्मिक बाब आहे, असं मी सांगितलं. तेवढ्यात त्यांना बॅटरीखाली अक्षता सापडल्या. गराजमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्यांत उंदीर घरं करतात, हे इथे सगळ्यांना माहीत. झालं! गंजही आणि उंदीरही. त्यांनी कुंकवाचे पाचशे आणि अक्षतांचे तीनशे डॉलर कापून भाव सांगितला. मी समजूत घालतेय, तोवर नवरा पुढे होऊन म्हणाला, “तसं कुंकवाचं काही नाही, पण डावी काच वर जाताना जरा अडखळते.” इंजिनियर माणसाला विक्रीच्या वेळी बाहेर येऊ देऊ नये.

त्यानंतर आले ते काकावाले. यांना गाडी घ्यायची नसते, तीत बसायचं असतं. बसले की स्टिअरिंगवर हात ठेवून सांगतात, “माझ्या काकांकडे अगदी अशीच होती.” त्या काळी अमेरिकेत गाड्या फक्त काकांनाच विकत असावेत. एकाने बदल्यात बर्फावर चालणारी स्नोमोबाइल देऊ केली, वर फ्रीजरभर हरणाचं मटण. नवरा क्षणभर विचारात पडला, ते मी पाहिलं.

मंडळातल्या वहिनींचा फोन आला. “अगं, विकताय कशाला? जुलैत आमच्या धाकट्याची वरात हिच्यातून काढू!” पण गाडीला इथली ऐतिहासिक वाहनाची नंबरपाटी आहे. तिच्यावर प्रदर्शनाला, मिरवणुकीला वगैरेच गाडी काढता येते. ऑगस्टमध्ये मात्र मोकळीक. वरातीला मिरवणूक धरावी की नाही, यावर नवरा आणि वहिनींचे यजमान तासभर फोनवर होते. मुहूर्त ऑगस्टमध्ये ढकलता येईल का, इथवर गोष्ट गेली. तिकडून वहिनींचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

शेवटी नोव्हेंबरात एक बाई आल्या. चुंबक नाही, विजेरी नाही. म्हणाल्या, “टप उघडा.” टप आतल्या आत दुमडत खाली गेलं. त्या म्हणाल्या, “घेते.” घासाघीस न करता पैसे दिले, कागदांवर सह्या झाल्या. मग घरी जाऊन त्यांनी आपलं गराज मोजलं. भरलं १८ फूट.

“एप्रिलपर्यंत तिथेच राहू द्याल का?” त्यांनी फोनवर विचारलं. मी भाड्याचा विषय काढणार, तोच नवरा म्हणाला, “खुशाल! घर तुमचंच आहे.”

तर गाडी विकली गेली आहे. ती आत आहे आणि माझी रोजची गाडी बाहेर बर्फात मीठ खात उभी आहे. नव्या मालकीणबाई दर शनिवारी येतात, गराजमध्ये छत उघडून बसतात, चहा घेतात. त्यांच्याही काकांकडे अशीच होती.