इंकांकडे पैसा नव्हता, पण काम ऐच्छिकही नव्हतं
"इंका साम्राज्यात पैसा नव्हता, तरी लोक स्वखुशीने राबत, म्हणजे पैशाशिवाय समाज चालतो," असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातला पैशाबद्दलचा भाग खरा आहे. १५३२ मध्ये स्पॅनिश फौज येऊन थडकली तेव्हा अँडीज पर्वतातल्या या राज्यात नाणी नव्हती. 'स्वखुशीने' हे मात्र साफ चूक.

तिथे कर श्रमाने फेडावा लागे. पाळीपाळीने येणाऱ्या या सक्तीच्या कामाला 'मीता' म्हणत. रस्ते, सरकारी शेती, सैन्य, सगळं त्यावरच उभं होतं. हिशेब 'किपू' म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांवर ठेवत. कामावरच्या माणसांना राज्य जेवण आणि मक्याची दारू देई, पण तीही अशाच श्रमातून भरलेल्या कोठारांतून. आजच्या पेरूमधल्या वानुको पांपा या एकट्या इंका शहरात सुमारे ५०० कोठारांचे अवशेष आहेत! शिवाय राज्याला वाटलं तर कुटुंबंच्या कुटुंबं उचलून दूरच्या मुलखात वसवली जात. याला स्वखुशी कसं म्हणायचं?

गावपातळीवर एकमेकांच्या शेतात सावडीने राबण्याची 'आयनी' होती, अँडीजमध्ये ती आजही टिकून आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. पण तिथेही आज दुसऱ्याकडून घेतलेले कष्ट उद्या परत करावेच लागतात.