आकडा कुठाय? : ‘एक सातारकर’ यांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी आधी दुपारी मोबाइलवर वाचली आणि रागावले. रात्री ओटा आवरून झाल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा शेवटच्या वाक्यापाशी अडकले. त्या वाक्याकडे येतेच, पण आधी भांडून घेते.

गेली पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी तीन ध्येयं लिहिली होती. चौदा आठवडे, आठवड्याला चार धावा. रविवारची लांब धाव चुकवायची नाही. आणि यवतेश्वरचा घाट चढताना चालायचं नाही, गोगलगायीच्या वेगानं का होईना, पळतच राहायचं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही ध्येयं नव्हेत, पळवाटा आहेत, त्या मोजताही येत नाहीत. ध्येय म्हणजे वेळ, आणि तीही दोन तासांच्या आतली. अडीच तास म्हणजे चालणंच. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे यानं असली ध्येयं ठेवली असती तर पूर्ण मॅरेथॉनची दोन तासांची भिंत फुटली नसती. मी नवख्यांना ढिलेपणा शिकवतेय. आणि शेवटचं वाक्य: “आकडा तुमच्याही मनात आहे, फक्त लिहायला घाबरताय.”

पळणाऱ्या बाईला ‘पळवाट’ हा शब्द तुम्ही मुद्दाम वापरला असेल तर दाद देते.

अडीच तासांचं आधी उरकते. हाफचे २१.०९७५ किलोमीटर अडीच तासांत म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद. झपझप चालणाऱ्या माणसाला किलोमीटरला दहा मिनिटं लागतात आणि त्या चालीनं एकवीस किलोमीटरला साडेतीन तास होतात. तेव्हा अडीच तासवाल्यांना चालणारे म्हणायचं असेल तर एकदा त्यांच्याबरोबर चालून दाखवा.

आता किपचोगे. व्हिएन्नात १२ ऑक्टोबर २०१९ ला त्यानं पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे हाफच्या दुप्पट अंतर, १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळली, हे खरं. पण रस्ता जवळजवळ सपाट होता, आळीपाळीनं पुढं पळून वारा अडवणारे ४१ जण होते आणि पुढच्या गाडीतून रस्त्यावर लेसरच्या रेषा पडत होत्या. म्हणूनच तो अधिकृत विक्रम धरला जात नाही. पुण्याजवळच्या बोपदेव घाटात पहाटे माझ्यापुढं असते ती दूधवाल्याची मोटारसायकल, आणि ती लेसर सोडत नाही, धूर सोडते. शिवाय त्याआधीचं तुम्ही लिहिलं नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात इटलीत मोंझाच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर त्यानं हाच प्रयत्न केला होता आणि २ तास २५ सेकंदांवर तो थांबला. तुमच्या हिशेबानं नापास. पण तेव्हा अधिकृत विश्वविक्रम २ तास २ मिनिटं ५७ सेकंदांचा होता. एवढं अंतर इतक्या वेगानं तोवर कुणीच पळलेलं नव्हतं. नुसत्या एका आकड्यावर बोट ठेवलं की असला दिवससुद्धा नापासांच्या यादीत जातो.

माझं खरं भांडण मात्र किपचोगेवरून नाही. तुम्ही म्हणता तसं आकड्याचं ध्येय मी ठेवून पाहिलं आहे. ते या ब्लॉगवर कधी लिहिलं नाही, कारण त्यात माझीच शोभा होती.

त्रेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले तेव्हा मी पुण्यात एका ग्रुपबरोबर पळत असे. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. तिथं एक पांढरा फळा होता. डावीकडं नाव, उजवीकडं हाफची ‘टार्गेट’ वेळ. माझ्या वरच्याचे दोन तास, खालच्याचे दोन तास. मार्कर माझ्या हातात आला आणि मीही लिहिलं, २:००. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तेव्हा मी सलग दहा किलोमीटरही पळले नव्हते. दोन तास म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, हा भागाकारसुद्धा मी घरी येऊन केला, गॅसवर कुकर चढवल्यावर. आणि घाबरून दुसऱ्या दिवसापासून जास्त पळायला लागले.

तीन आठवड्यांत मी आठवड्याच्या अठरा किलोमीटरवरून बत्तिसावर गेले. प्रत्येक धाव जोरात, कारण सावकाश पळाले की घड्याळात किलोमीटरला सात मिनिटं दिसायची आणि फळा आठवायचा. डाव्या नडगीत दुखायला लागलं. पहिले पाच मिनिटं दुखायचं, मग पाय गरम झाले की थांबायचं. मला वाटलं, सरावानं जाईल. स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधलं. पुढं ते दुखणं पळून झाल्यावरही राहायला लागलं, आणि एके दिवशी ऑफिसच्या जिन्यात पाय टेकवेना.

फिजिओथेरपिस्टनं नडगीवरून अंगठा वरून खाली फिरवला. सगळीकडं थोडंथोडं दुखत होतं. एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, तिनं दाबलं आणि मी किंचाळले. ती म्हणाली, पूर्ण नडगी दुखली तर बरं, एकच जागा दुखली की मला काळजी वाटते. हाडावर ताण आला होता. भेग पडली नव्हती, पण फार लांबही नव्हती. सात आठवडे पळणं बंद. तिनं समजावलेलं मला आजही पाठ आहे: दमसास तीन-चार आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागून रमतगमत येतात. छाती म्हणते ‘चल’, नडगी म्हणते ‘थांब’, आणि ऐकू छातीचंच येतं.

फळ्यावरचं माझं नाव नंतर कुणीतरी पुसलं. मीच सांगितलं होतं.

तर त्या तीन ‘पळवाटा’ तिथून आल्या. त्या मोजता येत नाहीत हे तुमचं म्हणणं मला मान्यच नाही. चौदा आठवडे गुणिले चार म्हणजे ५६ धावा. बँकेतून मिळालेल्या डायरीत रोज टिक किंवा फुली पडते. आज दहा आठवडे संपले, ४० पैकी ३४ झाल्या. सहा फुल्यांपैकी तीन तापाच्या, दोन सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या. सहावीपुढं मी ‘पाऊस’ लिहिलं होतं, मग खोडून ‘आळस’ लिहिलं. पाऊस होता, पण भजीही होती.

सावकाश धाव खरंच सावकाश आहे का, हेही मोजते. घड्याळानं नाही, पाढ्यानं. सोळाचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. ‘सोळा सक शहाण्णव’पर्यंत दम लागला तर वेग जास्त. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर येणारे आजोबा-आजी मला काय समजत असतील ते समजोत.

आणि घाटाचं ध्येय ढिलं आहे असं एका सातारकरानं म्हणावं? घाटाआधीचं समर्थ मंदिर मागं पडलं की पुढं काय होतं हे तुम्हाला मी सांगायचं का? जाताना चढ, येताना तोच उतार, आणि मांड्यांची खरी पिसं चढात नाही, उतारात निघतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यामुळं दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना देव आठवतो. त्यात सप्टेंबरचं धुकं, ओला रस्ता आणि गर्दी. २०१५ मध्ये डोंगरात एकाच शर्यतीत सर्वाधिक लोक पळाल्याची गिनेस नोंद याच शर्यतीची झाली, दोन हजार सहाशेच्या वर. त्या अरुंद रस्त्यावर माझ्यासारखीनं सेकंदांचा हट्ट धरायचा तर ढोल-ताशेवाल्यांना कोपरानं बाजूला सारावं लागेल. पाऊस, गर्दी, पोट बिघडणं माझ्या हातात नाही. मंगळवारी पहाटे साडेचारचा गजर बंद करून पुन्हा झोपायचं की नाही, ते आहे. ध्येय मी त्यावर ठेवलं.

इथवर भांडले. आता ते शेवटचं वाक्य.

आकडा आहे. डायरीच्या शेवटच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली, पेन्सिलीनं. दोन वर्षांपूर्वी सातारा मी २ तास ५८ मिनिटांत पळले आणि घाटात सात वेळा चालले. मागच्या वर्षी एक सपाट हाफ २ तास ३१ मिनिटांत झाली. दोन्हींचा अंदाज धरून मी यंदा साताऱ्यासाठी २:४५ लिहिलंय. म्हणजे किलोमीटरला ७:४९. गेल्या पोस्टमध्ये मी ‘वेळेचं मला काही नाही’ असं लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन चढाचे किती नि उताराचे किती याची वाटणी करत बसले होते. तेव्हा ते वाक्य खोटं होतं. पोस्ट दुरुस्त केली आहे, जुनं वाक्य खाली तसंच ठेवलंय.

का लपवलं? पेन्सिलीनं लिहिलेलं पुसता येतं म्हणून. २:५१ आली तर कुणाला कळलं नसतं आणि मी ‘मजा आली’ म्हणून फोटो टाकला असता. याला पळवाट म्हणालात तर माझ्याकडं उत्तर नाही. नवख्यांना यातून चुकीचं शिकायला मिळतं, हेही पटलं, फक्त तुम्ही म्हणता त्या कारणानं नाही. आकडा नसण्यानं बिघडत नाही. असलेला आकडा झाकून साधूपणाचा आव आणण्यानं बिघडतं.

पण तो आकडा दोन तासांचा नाही हेही बघा. तो माझ्याच दोन जुन्या धावांमधून आलाय, वरच्या-खालच्याच्या नावापुढं बघून नाही. आणि तो चुकला तरी तीन ध्येयांतलं एकही खोटं पडत नाही. २:५१ आली आणि घाटात चालले नाही, तर मी त्या दिवशी घरी येऊन श्रीखंड खाणार आहे. २:४४ आली आणि नडगी पुन्हा दुखली, तर नाही.

या रविवारी बोपदेव दोनदा, एकूण अठरा. मग गौरी-गणपती, मोदक आणि धावा कमी करण्याचे आठवडे, म्हणजे वजनाचं काय होणार ते दिसतंच आहे.

बिब नंबर (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) मिळाला की इथं लिहीन. समर्थ मंदिरापाशी उभे असाल तर हाक मारा. जाताना वेळ विचारू नका, मी पाढा म्हणत असेन. उतरताना विचारा.