दोन्हीकडून आवळला की पाइप वाढत नाही म्हणे!

काल भाच्याने फॉरवर्ड पाठवला, 'स्टीम लाइनचे ५ सिक्रेट, इंजिनिअर सांगणार नाहीत'. खाली त्याचं स्वतःचं, 'मामा, आपण लूपमध्ये उगाच पाइप घालवतो ना?' (लूप म्हणजे स्टीम लाइनमध्ये मुद्दाम दिलेलं यू आकाराचं वळण.) पोरगा नुकताच एका डाईंग युनिटच्या बॉयलर हाऊसला लागलाय, उद्या फिटरला हेच ज्ञान देईल, म्हणून लिहितोय, नाहीतर असलं मी उघडतही नाही.

पहिलं सिक्रेट: दोन्ही टोकं घट्ट अँकर करा, म्हणजे जागेवर जखडून टाका, पाइप तापला तरी लांबीला वाढणारच नाही. अरे, पण ती वाढ जाते कुठे? १० किलो प्रेशरची स्टीम म्हणजे साधारण १८४ डिग्री, लाइन टाकली तेव्हा समजा ३०, फरक १५४. साधं स्टील मीटरला डिग्रीमागे ०.०१२ मिमी वाढतं, म्हणजे ५० मीटरला ९२ मिमी, चार बोटांहून जास्त. ती अडवली तर स्ट्रेस, म्हणजे धातूतला ताण, ३७० मेगापास्कलवर जातो आणि आपल्या नेहमीच्या ए-१०६ ग्रेड बी पाइपचं यील्डच, म्हणजे कायमचा आकार बदलायची मर्यादाच, २४०. म्हणजे यील्डला थांबला असं धरलं तरी ४ इंची शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा नंबर) पाइप अँकरला ५० टनांनी रेटणार. तुझा यू-बोल्ट आणि ते दोन चॅनेल काय करणार तिथे? बहुतेक वेळा पाइप त्याआधीच धनुष्यासारखा बाजूला वाकतो, नाहीतर फ्लँज गळायला लागते. लूप तेवढी वाढ स्वतः वाकून पोटात घेतो, त्यासाठीच तो पाइप 'घालवलेला' असतो.

दुसरं, जाड शेड्यूल घ्या. वरच्या हिशोबात जाडी कुठे आली का? स्ट्रेस तेवढाच, उलट शेड्यूल ८० घेतलास तर ५० टनांचे सत्तरच्या घरात जातील.

तिसरं, रेल्वेचे रूळ सलग वेल्ड केलेले असतात, ते कुठे वाढतात? हे अर्धं खरं आहे, मान्य. पण त्यांना सगळीकडून स्लीपर आणि खडीने धरलेलं असतं, ठरावीक तापमानाला ताण काढून बसवलेलं असतं, आणि त्यांच्यातून वाफ जात नाही. तरी उन्हाळ्यात वाकतातच कुठे ना कुठे.

स्टेनलेस वाढत नाही हे चौथं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस तर साध्या स्टीलपेक्षा जास्त वाढतं, ०.०१७. पुढे.

पाचवं मात्र जीवघेणं आहे: कुठेही बेलोज (भात्यासारखा घड्यांचा लवचीक जोड) टाका, काम झालं. बेलोजला आतलं प्रेशर सरळ ताणत असतं, मेन अँकर आणि गाइड (पाइपला सरळ रेषेत ठेवणारे आधार) नसतील तर तो उघडतो. इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या केमिकल कारखान्यात पाच नंबरचा रिअॅक्टर काढून चार आणि सहाच्या मध्ये दोन बेलोज आणि एक वाकडा २० इंची पाइप टाकला, खाली टेकू परांचीचा, ड्रॉइंग काय तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूने. १ जून १९७४ ला तो पाइप सुटला, स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. चौकशी अहवालात स्पष्ट आहे, बेलोज बनवणाऱ्याचं माहितीपुस्तक कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं.

तर भाचेराव, सोमवारी बॉयलर थंड असताना लूपजवळच्या पाइप-शूशेजारी (पाइपखालचा सरकता पाय) सपोर्टवर खडूची रेघ मार. वाफ चढली की शू किती सरकला ते मोज आणि फोटो पाठव, तोवर हा मेसेज पुढे ढकलू नकोस.