जळक्या ऑइलने चेसी वाचत नसते दाजी

मागच्या आठवड्यात दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, 'जुन्या गाडीच्या चेसीला गंज? घाबरू नका!' आणि खाली हात जोडलेले. दोन दिवसांत तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग कंपनीतल्या पोरांच्या. थोडक्यात म्हणणं असं: नाशिकला समुद्र नाही म्हणून आपल्याकडचा गंज वरवरचाच, बॉडी जाते पण चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, कधी जात नसते, दरवर्षी पावसाळ्याआधी जळकं ऑइल म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल मारा, नाहीतर रस्ट कन्व्हर्टर लावा म्हणजे गंजाचं परत लोखंड होतं, भोक पडलंच तर वरून पत्रा वेल्ड करा तो मूळपेक्षा मजबूत होतो, आणि गाडी पासिंग झाली म्हणजे चेसी ओके, विषय संपला.

मी काही मेकॅनिक नाही, अंबडला एका प्रेस पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, पण पत्रा, त्याची जाडी आणि वेल्डिंग हे रोजचंच काम आहे आणि याच मे महिन्यात निफाडच्या मामांच्या पिकअपखाली तीन रविवार घातलेत, त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

आधी समुद्राचं घ्या. समुद्राजवळ गंज जास्त का लागतो तर हवेतल्या मिठामुळे, म्हणजे त्यातल्या क्लोराईडमुळे, ते पाण्यात मिसळलं की गंजायचं काम जोरात चालतं. पण क्लोराईड काय फक्त समुद्रातच असतं का? कांद्याला टाकतो ते एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराईडच की, आणि त्याच्या फाटक्या गोण्या पिकअपच्या हौद्यात वर्षानुवर्षं सांडतायत, त्यावर पाणी पडलं की ते हौद्याच्या फटीतून कुठे जाणार, खाली चेसीवरच. शेणखत, कोंबडखत आहेच. आणि द्राक्षवाल्यांना तर मी काय सांगू, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) कालवताना मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्येच घेतात, लोखंडी बादलीत नाही, आणि बोर्डो जमलं का बघायला त्यात विळा नाहीतर खिळा बुडवतात, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला म्हणून अजून टाकतात. तो तांबूस थर म्हणजे लोखंड विरघळून त्याच्या जागी बसलेलं तांबं असतं. हे ज्यांना तोंडपाठ आहे तेच मामा फवारणीचा गळका ड्रम दहा वर्षं पिकअपमध्ये नेत होते आणि वर मलाच सांगत होते, आपल्याकडे कुठे खारी हवा आहे! शिवाय इगतपुरी-कसाऱ्याकडे पावसाळाभर ये-जा असेल तर चेसी चार महिने वाळतच नाही, ते वेगळं.

आता 'वरवरचा'. इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोक फसतात. चेसीवर नुसता तांबडा-भगवा पावडरसारखा थर असेल, तार-ब्रश मारल्यावर खाली सलग लोखंड दिसत असेल तर खरंच घाबरायचं काम नाही, प्रायमर आणि पेंट मारा नि सोडून द्या. पण पापुद्रे सुटत असतील, पत्रा फुगल्यासारखा दिसत असेल तर तो वेगळा प्रकार. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे फुगवटा दिसला म्हणजे तिथलं लोखंड कमी झालंय असं धरायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डब्यासारखी बंद चेसी आतून बाहेर सडते, आत चिखल जाऊन बसतो, पाणी निघायची भोकं त्यानेच बुजतात, मग बाहेर रंग चकाचक आणि आत काही उरलेलं नाही.

मामांच्या गाडीचं हेच झालं होतं. ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यात गाडी घेतली, मी छोटी हातोडी घेऊन पुढून ठोकत ठोकत मागे आलो. चांगल्या पत्र्याचा आवाज टण्ण येतो, हाताला झटका बसतो. डाव्या बाजूला मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटा चेसीला जिथे टांगलेला असतो तिथे आलो आणि आवाज एकदम थप्प, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. वर काळा रंग मस्त होता. पेचकस लावला आणि फार जोर न देताच तो दोन इंच आत गेला. ओढून काढला तर मागोमाग भुरभुरत माती आली, त्यात गंजाचे पापुद्रे आणि चक्क कांद्याची सालं. मामा वरून वाकून बघत होते, म्हणाले, 'अरे तूच भोक पाडलं की!' म्हटलं मामा, मी पाडलं नाही, रंगाखाली होतंच ते, मी फक्त दाखवलं.

मग ओळखीतून अल्ट्रासोनिक थिकनेस गेज, म्हणजे एकाच बाजूने पत्र्याची जाडी मोजणारं यंत्र, मिळवला. ज्याला जमेल त्याने हे करावंच, पण रंग-गंज खरवडून जागा घासून घ्यावी लागते, जेल किंवा ग्रीस लावावं लागतं आणि खड्डे पडलेल्या पत्र्यावर रीडिंग उड्या मारतं, म्हणून एका जागी पाच-सहा वेळा घेऊन सगळ्यात कमी आकडा धरायचा. चांगल्या जागी ३.२ एमएम येत होता, डाव्या हँगरच्या पुढे १.४. म्हणजे अर्ध्याहून जास्त पत्रा गेला आणि बाहेरून काही कळत नव्हतं. गेज नसेल तर हातोडी, पेचकस आणि टॉर्च यावर पण बरंच कळतं. चुंबक पण न्या, एखाद्या जागी चिकटत नसेल तर तिथे लांबी (पुट्टी) किंवा एम-सील भरून रंग मारलाय, सेकंड हँड गाडी घेताना तर हे आधी बघा.

आणि गंज किती आहे यापेक्षा कुठे आहे ते मोठं. पाट्याचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा, इंजिन माउंटिंग, क्रॉस मेंबरचे (चेसीच्या आडव्या दांड्यांचे) जोड, बॉडी माउंट, इथे वाटीएवढा गंज पण डेंजर, आणि दोन जोडांच्या मधल्या सलग लांबीवर तेवढाच असेल तर वेळ असतो. इंग्लंडच्या एमओटी म्हणजे गाड्यांच्या तिकडच्या पासिंगच्या तपासणीत तर सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट यांच्या माउंटिंगपासून ३० सेंटीमीटरच्या आत जास्त गंज असला की गाडी नापास. मी खडूने तेवढे गोल काढूनच बघतो. ब्रेकची पाइप चेसीला लागूनच जाते, तिच्यावर पण बोट फिरवा.

'चेसी कधी जात नसते' याला एकच उदाहरण. टोयोटाने २००८ मध्ये अमेरिकेत १९९५ ते २००० च्या टाकोमा पिकअपच्या चेसीला गंजावर १५ वर्षांची वॉरंटी वाढवून दिली आणि फार सडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपटीने परत विकत घेतल्या. तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे तसं नाही, मान्य. पण चेसी जात नसती तर एवढी मोठी कंपनी जुन्या पिकअप दीडपट पैसे देऊन कशाला घेईल हो.

जळकं ऑइल. तेलाचा थर पाणी लांब ठेवतो, त्यामुळे गंज थोडा हळू होतो, हे खोटं नाही. पण जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं आणि कचरा असतो, ते रबर बुश आणि माउंटिंग फुगवतं, ब्रेकवर उडालं तर विचारूच नका, वर रस्त्याची धूळ धरून असा काळा लेप बनतो की त्याखालची क्रॅक कुणाच्या बापाला दिसणार नाही. पुढे वेल्डिंग करायची वेळ आली की तेच पेटतं. आणि पावसात धुऊन शेतात, विहिरीत जातं ते वेगळंच, वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात धरतात. डांबरी किंवा रबरी कोटिंगचं पण तसंच, स्वच्छ कोरड्या पत्र्यावर चांगलं, गंजावर मारलं तर ओल आत कोंडली जाते. मारायचंच तर मेणाचं कॅव्हिटी वॅक्स मारा, लांब नळीने डब्याच्या आत, कोरड्या दिवसात.

रस्ट कन्व्हर्टरवर फार लिहीत नाही. टॅनिक किंवा फॉस्फरिक अ‍ॅसिड असतं त्यात, गंजाचा वरचा थर काळा स्थिर होतो, त्यावर रंग बरा धरतो, एवढंच. १.४ चा पत्रा १.४ च राहतो.

खरा धोका वेल्डिंगच्या मुद्द्यात आहे, कारण हे लोक खरंच करतात. सडलेल्या पत्र्यावर जाड पट्टी ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारली की वेल्ड कशाला धरणार, खाली तर कागद आहे. आर्क लावला की भोक पडतं, मग वेल्डर रॉडने ते भरत बसतो. दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि तिथेच परत गंज फुगून पट्टीच उचलतो. बरं चांगल्या पत्र्यावर जरी पट्टी लावली तरी सरळ आडवा वेल्ड मारला तर नेमक्या त्याच रेषेत ताण येतो आणि सहा महिन्यांत पट्टीच्या कडेला क्रॅक. वेल्ड मजबूतच असतो, तुटतं ते त्याच्या शेजारी.

मामांच्या गाडीला असं केलं: बॅटरी काढली, डिझेलची टाकी उतरवली, ब्रेक पाइप बाजूला घेतली, जॅक आणि स्टँडवर लोड घेतला, आणि कापायच्या आधी ओळंब्याने फरशीवर चारी कोपऱ्यांच्या खुणा करून कर्ण मोजले, म्हणजे नंतर चेसी वाकडी झाली तर कळेल. मग ग्राइंडरने कापत गेलो ते टण्ण आवाजाचा चमकता पत्रा लागेपर्यंत, चार इंच वाटलेलं ते अकरा इंच निघालं. मूळ जाडीचाच नवा पत्रा बेंड करून आणला, बाहेरून जी पट्टी दिली तिची टोकं पतंगासारखी निमुळती कापली म्हणजे वेल्ड तिरका जातो, आणि सीओटू वेल्डिंग थोडं थोडं, आलटून पालटून, थंड होऊ देत. परत कर्ण मोजले, ३ एमएमचा फरक, चालतो. वेल्डच्या उष्णतेने आतला रंग जळतो हे कुणी लक्षात घेत नाही, म्हणून आत वॅक्स, बाहेर झिंक प्रायमर आणि पेंट. मटेरियल-मजुरी धरून १८ हजार गेले. चेसी नंबर जिथे पंच आहे तिथे ग्राइंडर नेऊ पण नका, आणि अख्खी चेसीच बदलायची असेल तर आधी आरटीओची परवानगी. गंज स्टिअरिंग बॉक्सपाशी असता तर मीच मामांना म्हटलं असतं, गाडी स्क्रॅपला द्या.

राहिलं पासिंग. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, मामांची गाडी फेब्रुवारीतच पास झाली होती आणि आम्ही पेचकस घातला मे मध्ये. यात पास करणाऱ्याची काय चूक, बंद डब्याच्या आत कोण बघणार, आणि पासिंगच्या आदल्या दिवशी चेसीला काळा रंग आपणच मारून नेतो ना. सर्टिफिकेट खोटं नाही, पण त्यावर चेसीच्या आतल्या पत्र्याची जाडी लिहिलेली नसते.

दाजींना फोन करून हे सगळं सांगितलं, ते म्हणाले, 'अरे मी नुसता फॉरवर्ड केला, वाचला पण नव्हता.' मग त्यांचीच २००६ ची गाडी रविवारी बघायची ठरली. मामांच्या गाडीला उजव्या हँगरपाशी २.६ आला होता, तिथे सध्या काही केलं नाहीये, पिवळ्या मार्करने आकडा नि तारीख टाकून ठेवलीय, पाऊस संपला की परत मोजणार.